म्हात्रे मॅडमचं मंडळ

आधी आवाज यायचा, मग मॅडम यायच्या. त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर असतानाच आम्हाला वरच्या वर्गात कळायचं, की आज कुठल्या मुलीची कॅप वाकडी आहे आणि वॉर्डातल्या कुठल्या मावशींनी फिनेलमध्ये पाणी जास्त घातलंय. लीला म्हात्रे त्यांचं नाव. पनवेलला एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं आणि त्याला जोडून नर्सिंगची शाळा. त्या शाळेत मॅडम ट्यूटर होत्या. मी तिथे शिकले ते नव्वदच्या आसपास.

ठेंगणी, रुंद बांध्याची बाई. पांढऱ्या साडीची इस्त्री इतकी कडक, की त्या बसल्या की साडीचा आवाज व्हायचा. छातीशी उलटं लावलेलं घड्याळ. डब्यात रोज सुकटीचा काहीतरी प्रकार असायचा, आणि बाकीच्या ट्यूटर शाकाहारी म्हणून स्टाफरूमच्या खिडकीत बसून, तोंड बाहेर करून त्या जेवायच्या. खालून जाणाऱ्या पेशंटच्या नातेवाईकांची विचारपूस तिथूनच चालायची. एकदा मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुमचा आवाज पहिल्यापासूनच एवढा मोठा आहे का?" त्या खो खो हसल्या. त्यांचे वडील उरणकडच्या मिठागरात कामाला. शाळेत जायच्या आधी ही पोर भाकरी घेऊन बांधावर उभी राहायची आणि पार दुसऱ्या टोकाला असलेल्या बापाला हाक मारायची. "वारा चांगला असला तर अख्खं मिठागर वळून बघायचं," त्या म्हणाल्या, "आमचा बाबा तेवढा नाय बघायचा. कानाने कमी होता."

वर्गात त्यांची भाषा पुस्तकातल्यासारखी शुद्ध. पण पेशंटपाशी गेल्या, की ती भाषा दाराबाहेर राहायची. "काय गो आये, जेवलीस का नाय? आमी काय उगाच सांगतो का तुला?" असं म्हणत त्या म्हातारीच्या पाठीखाली उशी सरकवायच्या. आमच्यातल्या नोकरदार घरांतल्या मुलींना सुरुवातीला याचं हसू यायचं. मीही त्यांतलीच. वडील रसायनीच्या कारखान्यात सुपरवायझर, आणि मुलीने नर्सिंगला जाणं आमच्या नातेवाइकांत कुणालाच पसंत नव्हतं.

मॅडमना एका शब्दाचा राग होता, तो म्हणजे 'फक्त'. एका डॉक्टरांनी वॉर्डात काहीतरी विचारलं, तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "सर, मी फक्त स्टुडंट आहे." राउंड संपल्यावर मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हण. विचारून सांगते म्हण. पण हे फक्त-बिक्त परत माझ्या कानावर येता कामा नये. तू स्वतःलाच फक्त म्हणालीस, तर समोरचा तुला आणखी काय म्हणेल?"

त्यांचं खरं जग म्हणजे मंडळ. विद्यार्थी परिचारिका मंडळ असं त्याचं लांबलचक नाव होतं. अशी मंडळं बऱ्याच शाळांत असायची, आणि त्यांचं काम म्हणजे बहुतेक रांगोळी, गॅदरिंग आणि परिचारिका दिनाला पाहुण्यांना नारळ देणं. आमच्याकडेही मॅडम येण्याआधी तेच होतं म्हणे. मॅडमनी रांगोळी बंद केली नाही. "काढा ना, मला पण आवडते," म्हणायच्या. पण दर शनिवारी दुपारी जेवणं आटोपली, की जुन्या लेक्चर हॉलमध्ये सभा भरायची. तीत अध्यक्ष आमच्यातली, चिटणीस आमच्यातली, आणि मॅडम मागच्या बाकावर. मुद्दा सोडून कुणी बोलायला लागली, की मागून नुसतं खाकरणं ऐकू यायचं.

पहिल्या सभेत प्रत्येकीने उभं राहून नाव, गाव आणि पुढे काय व्हायचंय ते सांगायचं असा रिवाज होता. आम्ही सगळ्या एकामागून एक "नर्स" म्हणून खाली बसलो. मॅडम मागून म्हणाल्या, "ते तर तुम्ही होणारच आहात. त्याच्यासाठीच फी भरलीय. कुठली नर्स?"

कुठली म्हणजे काय, तेच आम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, नर्स म्हणजे वॉर्डातली, पांढऱ्या साडीतली. मग महिन्याकाठी मॅडम कुणाला तरी सभेला घेऊन येऊ लागल्या. उरणच्या गॅस प्रकल्पातल्या प्रथमोपचार केंद्रात काम करणाऱ्या एक सिस्टर आल्या. भाजलेल्या कामगाराला उचलण्याआधी काय बघायचं, हे त्यांनी आमच्यातल्याच एकीला टेबलावर झोपवून दाखवलं. गावोगाव सायकलवर फिरणाऱ्या आरोग्यसेविका आल्या. सैन्यात नर्स असलेल्या, सुट्टीवर घरी आलेल्या एक बाई आल्या आणि आम्ही सगळ्या त्यांच्या बुटांकडेच बघत राहिलो. पाहुणीला प्रश्न विचारल्याशिवाय चहा मिळायचा नाही. प्रश्न खुळा असला तरी चालेल, पण विचारायचा. मी एकदा काहीच सुचेना म्हणून सायकलवाल्या बाईंना विचारलं, "तुम्हाला कुत्री मागे लागत नाहीत का?" सगळ्या हसल्या. पण बाईंनी त्यावरच इतकं सांगितलं, गावात पहिल्यांदा शिरताना कुणाच्या घरी आधी जायचं, कुणाची ओळख काढायची, की पुढे माझी पहिली नेमणूक खेड्यात झाली तेव्हा मला तेच उपयोगी पडलं.

माझ्याच वर्षात हिरा वाघमारे होती. कर्नाळ्याच्या पायथ्याशी त्यांची वाडी. आईवडील पावसाळा संपला की वीटभट्टीवर जायचे, आणि हिरा आश्रमशाळेत राहून शिकलेली. ड्रेसिंगला तिचा हात आमच्यापेक्षा हलका होता, पण बोलायची वेळ आली की ती खाली बघायची. हजेरीला "येस मॅडम" म्हणतानासुद्धा तिचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. दुसऱ्या वर्षी मंडळाची निवडणूक झाली, तेव्हा मॅडमनी तिला उभं राहायला लावलं. ती चिटणीस म्हणून निवडून आली, कारण समोर कुणी उभीच राहिली नाही. हिरा स्टोअररूममध्ये जाऊन रडली.

त्या वर्षी पुण्याला राज्यातल्या सगळ्या मंडळांचं अधिवेशन होतं, आणि प्रत्येक शाळेच्या चिटणिसाने एक निबंध वाचायचा होता. हिराने विषय घेतला वाडीतल्या बाळंतपणांचा. लिहिलं छान. वाचताना मात्र तिसऱ्या ओळीपासून ऐकूच यायचं नाही. मॅडमनी आठवडाभर ऐकून घेतलं. मग एका रविवारी सकाळी आम्हा दोघींना वडाळे तलावावर घेऊन गेल्या. हिराला एका काठाच्या पायऱ्यांवर उभं केलं आणि स्वतः वळसा घालून तलावाच्या कोपऱ्यापलीकडे, समोरच्या काठावर जाऊन बसल्या. तिथून ओरडल्या, "हां, वाच आता!"

हिरा वाचू लागली. "ऐकू नाय येत!" पलीकडून आवाज आला. पायऱ्यांवर कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. हिराने पुन्हा सुरुवात केली. "नाय येत गो बाय!" तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. मला वाटलं, आता ही पळून जाणार. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. आणि मग त्या रागातच ती वाचायला लागली, की वाडीतली बाई अवघडलेल्या अवस्थेत भट्टीवर विटा का वाहते, दवाखाना जवळ असून तिथे का जात नाही. कागद कधी खाली आला ते तिलाही कळलं नाही. धुणं धुणाऱ्या एक मावशी मध्येच म्हणाल्या, "खरं हाय पोरी." मॅडम पलीकडे उठून उभ्या राहिल्या होत्या. पण परत आल्यावर म्हणाल्या काय, तर "चला, भूक लागली." आणि आम्हाला मिसळ खायला घातली.

पुण्याला हिराला बक्षीस मिळालं नाही. पण एका मोठ्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी तिला भर सभेत दोन प्रश्न विचारले आणि हिराने उत्तरं दिली. मला त्या हॉलचं दृश्य अजून आठवतं. नागपूर, कोल्हापूर, लातूर, कुठून कुठून आलेल्या पांढऱ्या गणवेशातल्या मुली. वॉर्डात बेडपॅन उचलताना मला वाटायचं, की आपण एका कोपऱ्यात कुणाला न दिसणारं काम करतोय. त्या हॉलमध्ये पहिल्यांदा वाटलं, की आपण पुष्कळ जणी आहोत.

परत आलो आणि थोड्याच दिवसांत बलदेवचं प्रकरण झालं.

बलदेव हा न्हावा शेवाच्या बंदरातून कंटेनर नेणारा ट्रकचालक, उत्तरेकडचा, तिशीही न गाठलेला. ताप हटेना आणि अंगावर मांस राहिलं नाही, म्हणून त्याच्या साथीदारांनी आणून दाखल केला आणि ते पुढच्या खेपेला निघून गेले. मुंबईहून रक्ताचा रिपोर्ट आला आणि एड्स हा शब्द वॉर्डभर झाला. तेव्हा त्या आजाराबद्दल लोकांना माहिती कमी आणि धास्ती फार. त्याला टोकाच्या खोलीत हलवलं. मावशी आत जाईनात, वॉर्डबॉय जाईना. स्टाफ नर्ससुद्धा दारातूनच गोळ्या ठेवायच्या. जेवणाचं ताट जमिनीवर ठेवून पायाने आत सरकवलं जायचं.

हे पहिलं बघितलं हिराने. ती तडक वर्गात आली आणि शिकवणं चालू असताना मॅडमना म्हणाली, "मॅडम, ते ताट पायाने ढकलतात."

मॅडमनी खडू खाली ठेवला. आम्ही सगळ्या त्यांच्या मागे गेलो. त्या सरळ खोलीत शिरल्या, स्टूल ओढून कॉटला चिकटून बसल्या आणि त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "क्या रे बलदेव, खाना खाया का नहीं?" तो भिंतीकडे तोंड करून होता. त्याने वळून बघितलं. मॅडमनी कोमट पाणी मागवलं, त्याचं तोंड पुसलं, हात पुसले, सुकलेल्या ओठांना ग्लिसरीन लावलं. मग पेजेची वाटी हातात घेऊन चमच्याने भरवायला लागल्या. दोन घास खाल्ल्यावर तो लहान मुलासारखा रडायला लागला. आम्ही दारात उभ्या. मॅडम भरवता भरवताच आमच्याकडे न बघता शिकवत होत्या, की हा आजार शिवल्याने होत नाही, एकत्र जेवल्याने होत नाही, रक्तापासून जपायचं, सुईपासून जपायचं. बाहेर येऊन त्यांनी रोजच्यासारखे साबणाने हात धुतले. शिकवताना त्यांचा आवाज बिलकूल चढलेला नव्हता. तो तसा मी पहिल्यांदाच ऐकला.

शनिवारच्या सभेत एक मुलगी रडत म्हणाली, "मॅडम, मला भीती वाटते. घरी कळलं तर शाळाच सोडायला लावतील." मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भीती वाटणं चूक नाही. मलाही पहिल्या दिवशी वाटली. भीतीपोटी माणसाला ताट पायाने ढकलणं चूक. कुणावर जबरदस्ती नाही. जिला जमेल तिने माझ्याबरोबर यायचं." आणि मग मागच्या बाकावरून म्हणाल्या, "पण रक्त घ्यायला, जखम बांधायला आपल्याला ग्लोव्हज मिळतात का? नाही. ते कुणी मागायचे?"

सभेने ठराव केला. सगळ्या वॉर्डांना ग्लोव्हज मिळावेत, वापरलेल्या सुया वेगळ्या डब्यात जाव्यात, आणि मावशी-वॉर्डबॉयसकट सगळ्यांना या आजाराची माहिती द्यावी. तो ट्रस्टच्या सेक्रेटरी साहेबांकडे गेला, आणि दोन दिवसांत फळ्यावर नोटीस लागली, की पुढील सूचना मिळेपर्यंत मंडळाच्या सभा बंद. साहेबांनी मॅडमना बोलावून सांगितलं होतं, "असला पेशंट इथे आहे हे गावात कळलं तर हॉस्पिटल ओस पडेल. आणि तुम्ही मुलींची युनियन काढताय!"

त्या शनिवारी हॉलला कुलूप होतं. आम्हाला वाटलं मॅडम भांडतील, किंवा गुपचूप दुसरीकडे सभा घेतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. "नोटीस आहे, तर सभा नाही," त्या म्हणाल्या. "पण ट्रस्टच्या समितीला भेटायची वेळ मागायला कुणाची बंदी नाही. चिटणिसाने अर्ज करावा." हिराने अर्ज केला. समितीने वेळ दिली. हिरा बोलणार होती आणि मी इतिवृत्त लिहायला बरोबर. मॅडम आमच्यामागे भिंतीशी उभ्या राहिल्या. त्यांना बसायला कुणी सांगितलं नाही.

सेक्रेटरी साहेब म्हणाले, "तुम्ही शिकायला आलात ना? मग शिका. ही पुढारीपणाची कामं कशाला?"

हिराने आधी ठराव वाचला. मग कागदाची घडी केली. "साहेब, आम्ही पुढारी नाही," ती म्हणाली. "आमच्या वाडीवर औषध वाटायला येणारे लोक लांब उभे राहायचे. आमाला हाताने शिवायचे नाहीत. गोळ्या वरून टाकायचे. आमी काय केलं होतं ते मला लहानपणी कळायचं नाय. त्या पेशंटलापण कळत नसेल. मला तशी नर्स व्हायचं नाही साहेब. ग्लोव्हज द्या, म्हणजे भीती कमी होईल, आणि सगळ्याच जणी जवळ जातील."

रागाच्या भरात तिची घरची बोली मध्येच आली होती, आणि तिने ती सावरली नाही. समितीत एक वयस्कर डॉक्टर होते. ते चष्मा पुसत म्हणाले, "ही मागणी खरं तर आमच्याकडून यायला हवी होती. साहेब, ग्लोव्हजचं मी बघतो. माहितीचं लेक्चरही मीच देईन." सेक्रेटरी साहेबांनी समोरचे कागद बाजूला सारले. शेवटी म्हणाले, सभा घ्या, पण बाहेरच्या पाहुण्यांसाठी आधी परवानगी काढत जा.

बाहेर आल्यावर मॅडमनी हिराला बाकावर बसवलं, पाणी दिलं. "मी काय बोलले मॅडम? चुकलं का?" "इतिवृत्तात येईल ते," मॅडम म्हणाल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

बलदेवचा ताप उतरला, अंगात थोडी ताकद आली आणि गावाहून त्याचा भाऊ न्यायला आला. जाताना तो मॅडमच्या पायाशी वाकला. त्या मागे सरकल्या. "पाया-बिया नको. दवा लेते रहना, समझा?" पुढे त्याचं काय झालं, आम्हाला कळलं नाही. त्या काळात त्या आजाराचं जे व्हायचं तेच झालं असणार.

या सगळ्याची किंमत मॅडमनी मोजली. वर्षअखेरीला आमच्या प्राचार्या निवृत्त झाल्या. जागा म्हात्रे मॅडमनाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. अनुभव त्यांचा, शिक्षण त्यांचं. ट्रस्टने बाहेरून दुसऱ्या बाई आणल्या. कारण कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. नव्या प्राचार्यांना पहिल्या शनिवारी मॅडम स्वतः मंडळाच्या सभेला घेऊन आल्या आणि त्यांची ओळख करून दिली.

दुसऱ्या दिवशी मी काहीतरी आणायला निर्जंतुकीकरणाच्या खोलीत गेले, तर मॅडम एकट्याच गॉजच्या घड्या घालत बसलेल्या. ते त्यांचं काम नव्हतं. मी म्हटलं, "मॅडम, आमच्यामुळे झालं ना हे?"

"तुमच्यामुळे कशाला? मी लहान होते का?" त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने घड्या घालतच म्हणाल्या, "वाईट वाटलं ग. खोटं कशाला बोलू. आईला सांगितलं होतं मी, की होणार म्हणून." मग गॉजचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "बस. हात चालव." आम्ही दोघी गठ्ठा संपेपर्यंत घड्या घालत राहिलो.

आमची बॅच बाहेर पडली. हिरा आरोग्य केंद्रात लागली, तेही तिने मागून घेतलेल्या डोंगरातल्या केंद्रात. ती दुसरी, सभेत रडलेली मुलगी बंदराजवळच्या एका कंपनीत नर्स झाली, आणि ट्रकवाल्यांना आजाराची माहिती देण्याचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. मी काही वर्षं खेड्यात काम करून शिकवण्याकडे वळले. आम्ही पुढेही एकमेकींना धरून राहिलो. कुठे जागा निघाली, कुठला नवा कोर्स सुरू झाला, कुणाची बदली अडली, सगळं एकमेकींना कळवायचं. इंजेक्शन द्यायला आम्हाला अभ्यासक्रमाने शिकवलं असतंच. पण बंद दार ठोठावून आत कसं जायचं आणि आत गेल्यावर नीट काय बोलायचं, हे शनिवारच्या त्या सभांनी शिकवलं.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते नव्वदचं दशक संपता संपता, पनवेलच्या एसटी स्टँडवर. त्या निवृत्त झाल्या होत्या आणि उरणला भावाकडे राहत होत्या. केस पांढरे, साडी रंगीत. पहिल्यांदाच रंगीत साडीत पाहत होते, म्हणून ओळखायला क्षणभर लागला. मी वाकले, तर दंड धरून उभं केलं. मी म्हटलं, "मॅडम, शाळेत मंडळाचा मोठा कार्यक्रम झाला म्हणे परवा. तुम्ही गेला होतात?"

"मला कुठे बोलावलं?" त्या म्हणाल्या.

मला रागच आला. "म्हणजे? तुम्हाला नाही बोलावलं?"

"अगं, आताच्या मुलींना मी माहीत तरी आहे का? पेपरात वाचलं मी. एका मुलीने अध्यक्ष म्हणून भाषण केलं, नवीन काहीतरी उपक्रम घेतलेत." त्यांच्या चेहऱ्यावर रुसवा शोधत होते मी, पण तो नव्हता. "बरं झालं ग. मंडळ मला विचारल्यावाचून चालायला लागलंय."

तेवढ्यात उरणची गाडी लागली. मॅडम गर्दीत शिरल्या, कोपराने वाट काढत चढल्या आणि खिडकीची जागा पकडली. मी खालून हात हलवला. गाडी सुरू झाली, वळायला लागली. त्यांनी बाहेर बघितलं नाही. शेजारी एक तरुण बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती, आणि मॅडम तिच्याकडे झुकून, हाताची पालथी बाजू त्या मुलाच्या कपाळाला लावून बघत होत्या.